लिंकनच्या पत्राची सनद



५ सप्टेंबर जवळ आला की आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एकच धांदल सुरू होते. वरच्या वर्गातली मुलं एका दिवसासाठी शिक्षक होतात. मुली अम्मीची साडी नेसून येतात, मुलं अब्बूंचा पांढरा शर्ट घालून खडू हातात घेतात. दुपारी कार्यक्रम असतो. त्यात एखादी चुणचुणीत मुलगी माइकसमोर उभी राहते आणि एक मजकूर घडाघडा म्हणून दाखवते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, असं त्याचं नाव.

वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही जा. हे पत्र शाळेत भेटतंच. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत असतं, नाहीतर व्हरांड्यात रंगवलेलं असतं. निवृत्तीच्या निरोप समारंभात शालीसोबत भेट म्हणून दिलं जातं. ज्यांनी डी.एड., बी.एड. केलं आहे, त्यांनी तर ते अभ्यासक्रमात असल्याइतक्या वेळा ऐकलेलं असतं. कवी वसंत बापट यांनी त्याचं मराठी रूप केलं, आणि ते इतकं साधं, इतकं लयदार उतरलं की महाराष्ट्राने ते उचलून धरलं. प्रामाणिकपणा, कष्टाची कमाई, हार पचवण्याची ताकद, गर्दीच्या मागे न धावण्याची हिंमत, हे सगळं त्यात आहे. कोणत्याही बापाने आपल्या लेकरासाठी मागावं असंच ते मागणं आहे.

एकदा पाठांतराच्या वेळी आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, हे पत्र कोणत्या सालचं? खाली तारीखच नाही." दुसरी म्हणाली, "आणि हेडमास्तरांचं नाव पण नाही." पत्रलेखनाचा धडा मीच त्यांना शिकवला होता. उजव्या कोपऱ्यात तारीख, डावीकडे ज्याला लिहायचं त्याचं नाव, ते नसेल तर गुण कापते. मुलींनी लिंकनच्या पत्रालाही तोच नियम लावला. या महिन्याचा लेख त्या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी.

आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात सनद नावाची गोष्ट आहे. एखादं वचन कितीही सुंदर असो, ते कोणी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, त्या दोघांची भेट होऊ शकत होती का, ही साखळी तपासल्याशिवाय विद्वान ते स्वीकारत नसत. इमाम बुखारी यांनी त्यासाठी देशोदेशी प्रवास केला. वचन चांगलं आहे म्हणून ते खरं असेलच, असं त्यांनी कधी धरलं नाही. हीच कसोटी आपण या पत्राला लावून पाहू.

लिंकन यांचं सगळं लेखन अमेरिकेत अतिशय जपून गोळा केलेलं आहे. १९५३ साली त्यांच्या समग्र लेखनाचे खंड प्रसिद्ध झाले. भाषणं, हुकूम, खासगी पत्रं, वकिलीच्या काळातल्या दोन-दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यात आहेत. हेडमास्तरांना लिहिलेलं हे पत्र त्यात नाही. लिंकनचे अभ्यासक ते अस्सल मानत नाहीत. त्याची मूळ प्रत नाही, तारीख नाही, ज्याला लिहिलं त्याचं नाव नाही.

आता घरची परिस्थिती पाहा. लिंकन यांना चार मुलगे झाले. थोरला रॉबर्ट शाळेत जात होता तेव्हा लिंकन स्प्रिंगफील्ड नावाच्या लहानशा शहरात वकिली करत होते. मुलाच्या मास्तरांशी बोलायचं तर चार पावलं चालत जाणं पुरेसं होतं. दुसरा एडी चार वर्षांचा होण्याआधीच वारला. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा रॉबर्ट हार्वर्डमध्ये होता, आणि विली व टॅड या धाकट्या दोघांना शिकवायला घरी मास्तर येत. टॅड तर इतका लाडावलेला की वडील गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अजून धड वाचता येत नव्हतं. म्हणजे ज्या मुलासाठी राष्ट्राध्यक्षांनी हेडमास्तरांना पत्र लिहिलं म्हणतात, तो मुलगा आणि ते हेडमास्तर शोधूनही सापडत नाहीत.

हे सांगितलं की काही जण नाराज होतात. "काय बिघडतं? संदेश तर चांगला आहे ना!" असं म्हणतात. बिघडतं ते असं, की खोट्या पत्राच्या गर्दीत लिंकनची खरी पत्रं आपल्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. ती पत्रं या पत्रापेक्षा जास्त कामाची आहेत.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यातल्या लाकडी ओंडक्यांच्या खोपटात झाला. नऊ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई सेरा स्वतःची तीन लेकरं घेऊन आली, पण या पोरक्या मुलाला तिने पोटाशी धरलं आणि त्याच्या वाचनाला हात दिला. सगळं मिळून लिंकन एक वर्षसुद्धा शाळेत गेले नाहीत. बाकीचं शिक्षण उसन्या पुस्तकांवर आणि शेतातल्या कामातून उरलेल्या वेळेत झालं. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघण्याआधी ते मुद्दाम वाट वाकडी करून या सावत्र आईला भेटून आले.

तिचाच मुलगा जॉन्स्टन. त्याने एकदा लिंकनकडे ८० डॉलर मागितले. लिंकननी त्याला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. तू आळशी नाहीस, पण दिवसभर मनापासून काम केलंस असा एकही दिवस मला आठवत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आयते पैसे देणार नाही; मात्र येत्या १ मेपर्यंत तू मजुरी करून जितके डॉलर कमावशील, तितकेच मी माझ्या पदरचे वर घालीन, असा सौदा त्यांनी पुढे केला. नातं तोडलं नाही, सवयही बिघडवली नाही. आपल्या घरात हातउसने मागणारा एखादा धाकटा भाऊ असतोच. त्याला नाही कसं म्हणावं आणि तरी मदत कशी करावी, हे या पत्रातून शिकावं.

दुसरं पत्र २२ जुलै १८६० चं. तेव्हा लिंकन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. निवडणूक तोंडावर, देश फुटायच्या बेतात. अशा वेळी रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाल्याचं त्यांना कळलं. त्यांनी त्या पोराला स्वतः पत्र लिहिलं. एकदा प्रयत्न सुरू केलास, आता पार पाडायचाच, हे त्यांनी ठासून सांगितलं. निराशेला मनात घर करू देऊ नकोस म्हटलं. आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगितली: त्या संस्थेचे प्रमुख भला माणूसच असणार, त्यांना जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते विचार. पाहा, हेडमास्तरांची आठवण लिंकनच्या खऱ्या पत्रातही आहे, फक्त वेगळ्या रीतीने. मुलाला कसं वागवा हे ते हेडमास्तरांना शिकवत बसले नाहीत. हेडमास्तरांची भीती धरू नकोस, हे त्यांनी मुलाला सांगितलं.

हा दिलासा देणाऱ्या बापाला नापास होणं काय असतं ते घरातच कळलं होतं. आदल्या वर्षी खुद्द रॉबर्ट त्याच परीक्षेत १६ पैकी १५ विषयांत नापास झाला होता. मग त्याने एका शाळेत वर्षभर पुन्हा तयारी केली आणि दुसऱ्यांदा प्रवेश मिळवला. आमच्याकडची किती मुलं नीटच्या तयारीसाठी नांदेड-लातूरला खोली करून राहतात, निकालाच्या दिवशी फोन बंद करून बसतात. त्यांच्या आई-वडिलांना मी हे पत्र सांगते. देश चालवायला निघालेल्या माणसाला शेजारच्या नापास मुलासाठी वेळ होता. आपल्याला घरच्या मुलाजवळ बसून अर्धा तास बोलायला वेळ काढता येईलच.

तिसरं पत्र २३ डिसेंबर १८६२ चं. यादवी युद्ध ऐन भरात होतं, आणि त्याच महिन्यात फ्रेडरिक्सबर्गला लिंकनच्या सैन्याचा मोठा पराभव झाला होता. लढाईत विल्यम मॅकलो नावाचा त्यांचा जुना परिचित मारला गेला. त्याची मुलगी फॅनी जेवणखाण सोडून खोलीत बसून होती. लिंकन यांचा स्वतःचा अकरा वर्षांचा विली त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. त्यांनी फॅनीला लिहिलं. दुःख सगळ्यांच्या वाट्याला येतं, पण लहानांना ते अचानक गाठतं म्हणून जास्त बोचतं. काळ गेल्याशिवाय पूर्ण आराम पडणार नाही. आज तुला वाटतंय की पुन्हा कधी बरं वाटणारच नाही; ते तसं नसतं, हे मी अनुभवाने सांगतो. पुढे एक दिवस वडिलांची आठवण टोचायची थांबेल आणि जवळची वाटेल. असा त्या पत्राचा आशय आहे. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी लेकरू असं असतं, ज्याचे वडील कर्जापायी, आजाराने किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेलेले असतात. "रडू नकोस, तू आता घरातला कर्ता" असं सगळे त्याला सांगतात. लिंकननी फॅनीला रडू नकोस म्हटलं नाही.

आता ज्या कामामुळे जग लिंकनना ओळखतं, त्याकडे येऊ. इथेही सनद पाहिली की चित्र थोडं वेगळं दिसतं, आणि माझ्या मते अधिक मोठं दिसतं. आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीत लिंकन म्हणजे गुलामगिरी मोडायलाच जन्मलेला माणूस. पण २२ ऑगस्ट १८६२ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका संपादकाला लिहिलेलं पत्र अस्सल आहे आणि ते वाचायला कडू आहे. देश एकसंध राखणं हे माझं पहिलं काम. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधलं तर तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून साधलं तर तसं करीन, असं त्यात म्हटलं आहे. ते लिहिताना मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांच्याकडे तयार होता, महिनाभर आधी मंत्रिमंडळाला वाचूनही दाखवला होता. मनात एक ठरलेलं, बाहेर दुसऱ्याची तयारी करवून घेणं चाललेलं. राजकारण असं असतं.

१ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी त्या जाहीरनाम्यावर सही केली. नववर्षाच्या भेटींत सकाळपासून शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून हात थरथरत होता. सही थरथरलेली दिसली तर लोक म्हणतील की हा कचरला, म्हणून थोडं थांबून त्यांनी सावकाश सही केली. त्या जाहीरनाम्याने फक्त बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त केलं. सरकारच्या बाजूने राहिलेल्या राज्यांतली गुलामगिरी तशीच राहिली. ती उरलेली गाठ सोडवायला घटनादुरुस्ती लागली. ३१ जानेवारी १८६५ रोजी ती प्रतिनिधीगृहात मंजूर झाली. १४ एप्रिलला नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दुरुस्तीला राज्यांची पुरेशी मान्यता डिसेंबर १८६५ मध्ये मिळाली. जवळपास ४० लाख माणसांची बेडी तुटली, पण ते पाहायला लिंकन राहिले नाहीत.

ही बातमी महाराष्ट्रात नीट वाचणारा एक माणूस होता. जाहीरनाम्यानंतर दहा वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी निःस्वार्थपणे झीज सोसली, माझ्या देशबांधवांनीही इथल्या शूद्र बांधवांसाठी तो कित्ता गिरवावा, अशी त्या अर्पणामागची इच्छा होती. हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर मराठीत काव्य लिहिणारे जोतीराव ते हेच. लिंकनचं महाराष्ट्राशी खरं नातं कुठे जुळतं, असं कुणी विचारलं तर मी भिंतीवरच्या चौकटीआधी या अर्पणपत्रिकेकडे बोट दाखवीन. तिला साल आहे, लेखकाचं नाव आहे, पुस्तक आजही मिळतं.

आणखी एक कागद सांगायचा आहे. अमेरिकेत आणलेल्या गुलामांमध्ये मुसलमानही होते, हे आपल्या मुलांना क्वचितच माहीत असतं. त्यांच्यापैकी उमर इब्न सईद हे एक. आजच्या सेनेगलच्या भागातले, सुमारे १७७० चा जन्म, पंचवीस वर्षं तालीम घेतलेले आलिम. १८०७ मध्ये त्यांना पकडून जहाजातून चार्ल्सटनला आणून विकलं. ते पळाले, पुन्हा पकडले गेले, आणि तुरुंगात त्यांनी भिंतीवर अरबी लिहिली तेव्हा लोक चकित होऊन पाहायला आले. १८३१ साली त्यांनी स्वतःच्या हाताने अरबीत आपली छोटीशी आत्मकथा लिहिली. आपली भाषा आणि अरबीही आता बरीच विसरलो, त्याबद्दल वाचकाने माफ करावं, असं त्यात आहे. त्यांचं नाव पुढे चर्चमध्ये नोंदलं गेलं होतं. पण आत्मकथेची सुरुवात मात्र त्यांनी सूरह मुल्कने केली. सगळी सत्ता कोणाच्या हाती आहे, हे सांगणारी ही सूरह. मालकाच्या घरात राहणाऱ्या गुलामाने पहिली ओळ म्हणून तीच निवडली. सईद १८६४ च्या सुमारास गेले, जाहीरनामा निघूनही गुलामच राहिले. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. या कागदाला सनद आहे, पण तो आपल्या कुठल्याच शाळेच्या भिंतीवर दिसत नाही.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. अमेरिकेचीच एक दुसरी गोष्ट आपल्या कितीतरी घरांत दादी-नानीपासून चालत आली आहे: नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तिथे त्याला अजान ऐकू आली, आणि परत येऊन त्याने इस्लाम स्वीकारला. चंद्रावर माणूस २० जुलै १९६९ रोजी उतरला, ते खरं. बाकीचं खरं नाही. आर्मस्ट्राँग यांनी ते अनेकदा नाकारलं. शेवटी १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना कळवावं लागलं की ही बातमी खरी नाही. तरी ती आज मोबाइलवर नव्याने फिरते, खाली "सुब्हानल्लाह, जरूर शेअर करें" असं लिहिलेलं असतं.

हे सांगताना मन जड होतं, कारण अफवेचा मार आपल्याइतका कोणाला माहीत असणार? कुठल्यातरी गावातला जुना व्हिडिओ आपल्या गावाच्या नावाने फिरतो. कुणाच्यातरी तोंडी न बोललेलं वाक्य घातलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात शेजारी नजर चुकवून जातो. तेव्हा आपण म्हणतो, पुरावा दाखवा. कोणी बोललं, कधी बोललं, कुठे बोललं? हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पण तो हक्क टिकवायचा असेल तर आपल्याला गोड वाटणाऱ्या बातमीलाही तेच तीन प्रश्न विचारावे लागतील. आपल्याविरुद्धचं खोटं तेवढं खोटं आणि आपल्या कौतुकाचं खोटं चालेल, असं म्हटलं की तराजू आपल्याच हाताने वाकडा होतो. अजानची शान आर्मस्ट्राँगच्या साक्षीवर अवलंबून नाही, आणि प्रामाणिकपणाची किंमत लिंकनच्या सहीवर ठरत नाही. उलट, प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या मजकुराखाली खोटी सही असावी, हे मुलांच्या लवकर लक्षात येतं. मग ती मजकुरालाही हसतात आणि आपल्यालाही.

मग शाळेतल्या चौकटी उतरवायच्या का? तसं मुळीच नाही. मजकूर चांगला आहे, बापटांची मराठी सुंदर आहे, मुलांनी तो जरूर पाठ करावा. फक्त खाली लिंकनचं नाव आहे तिथे एक चिठ्ठी डकवावी: "मूळ लेखक अज्ञात. मराठी रूप: वसंत बापट." शेजारी जागा असेल तर लॅथमला किंवा फॅनीला लिहिलेल्या पत्राचा सोप्या मराठीतला आशय लावावा, तारखेसह. सातवी-आठवीची मुलं हे काम आनंदाने करतात. कोणतं पत्र खरं, ते कसं ओळखायचं, हा इतिहासाचा असा धडा आहे जो त्यांना रोज मोबाइल हातात घेताना उपयोगी पडेल.

आणि पालकांना एक विनंती. आम्हा शिक्षकांना तुमच्याकडून पत्रं येतात ती रजेची, नाहीतर शिष्यवृत्तीच्या कागदांची. लिंकननी हेडमास्तरांना पत्र लिहिलं नाही, पण तुम्ही लिहू शकता. वहीचं एक पान पुरे. माझी मुलगी गणिताला घाबरते, माझा मुलगा वडील परगावी गेल्यापासून गप्प झाला आहे, हिला चित्रं काढायला आवडतात, याला सगळ्यांसमोर रागावू नका. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. तुमच्याइतकं तुमच्या लेकराला कोणी ओळखत नाही, आणि त्या चार ओळी वाचून शिक्षक वर्गात त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील. फक्त खाली आपलं नाव आणि तारीख घाला.